खडा दिसेनासा होईपर्यंत

नववीच्या विज्ञानातला ‘धाराविद्युत’ हा पाठ मी २१ वर्षे शिकवते आहे. विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांचे नाते फळ्यावर मांडायचे, तीन उदाहरणे सोडवून दाखवायची, चौथे मुलांना घालायचे आणि घंटा होण्याआधी एककांच्या चुकांवर लाल खुणा करायच्या, हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की हातात खडू आला की तोंड आपोआप सुरू होई. एवढ्या वर्षांत मी स्वतःच्या हाताने एकही एलईडी पेटवलेला नव्हता, हे माझ्या ध्यानात आले ते गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, आणि तेही एक एलईडी उडवल्यानंतर.

आमचा भाचा इंजिनिअरिंग संपवून पुण्याला नोकरीला निघाला तेव्हा खोली आवरताना त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला आणि म्हणाला, “मामी, टाकून देऊ नकोस, तुझ्या शाळेत लागेल.” डबा वर्षभर माळ्यावर राहिला. सुट्टीत माळा झाडायला काढला तेव्हा तो पुन्हा सापडला. आत रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, मूठभर एलईडी, तोंडाशी चिमटे असलेल्या वायरी, भोकाभोकांचा पांढरा ब्रेडबोर्ड, नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी आणि तळाशी पिशवीत गुंडाळलेला मायक्रोबिट नावाचा बोर्ड होता. एलईडीचा लांब पाय धन बाजूला आणि आखूड पाय ऋण बाजूला एवढे मला ऐकून माहीत होते. मी दोन्ही पाय सरळ बॅटरीच्या टोकांना टेकवले. लाल एलईडी क्षणभर पिवळट नारिंगी भडकला, ‘पट्’ असा बारीक आवाज झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. सासूबाईंनी आतून विचारले, “काय जाळलंस गं?”

जे जळले ते माझे २१ वर्षांचे एक गृहीत होते. फळ्यावरच्या मंडलात आम्ही जो दिवा काढतो, वर्तुळात फुली मारून, तो शहाण्यासारखा वागतो; विभवांतर दुप्पट केले की त्यातली धाराही दुप्पट होते. एलईडीला हे मान्य नसते. साधारण दोन व्होल्टपर्यंत तो जवळजवळ काहीच वाहू देत नाही आणि त्यानंतर थोडेसे विभवांतर वाढले तरी धारा एकदम उसळते, म्हणून उरलेला भार दुसऱ्या कोणीतरी उचलावा लागतो. नऊतून दोन वजा केले, सात राहिले. एलईडीला वीस मिलिअँपियर पुरतात असे धरले तर सातला ०.०२ ने भागून ३५० ओहम येतात. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे गणित मांडले तेव्हा मला हसू आले, कारण असली उदाहरणे मी झोपेतही सोडवली असती. फक्त त्यातला रोध कशासाठी बसवलेला असतो हे कधी कोणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. रोध म्हणजे उदाहरणात दिलेली किंमत, एवढेच त्याचे अस्तित्व होते. शिवाय डब्यात ३५० चा रेझिस्टर नव्हताच. बाजारात सहज मिळतात ते ३३० चे आणि ३९० चे, मधला मिळत नाही. पाठ्यपुस्तकातली उत्तरे सुटसुटीत येतात ती पुस्तकाच्या सोयीसाठी, आणि दुकानातले रेझिस्टर ज्या ठरावीक किमतींचे येतात ते कारखान्याच्या सोयीसाठी. मी ३९० चा घेतला: नारिंगी, पांढरा, तपकिरी. एलईडी शांतपणे पेटला आणि पेटलेलाच राहिला.

ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो त्या ओहमविषयी त्या रात्री वाचताना कळले की तोही शाळामास्तरच होता. जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवता शिकवता तो शाळेच्याच प्रयोगशाळेत तारा ताणून बसत असे. वडील कुलपे बनवणारे कारागीर असल्यामुळे हाताने वस्तू घडवण्याची सवय त्याला घरातूनच लागली होती. त्या काळच्या बॅटऱ्या वापरता वापरता उतरत, त्यामुळे त्याचे आकडे जुळेनात. मग १८२६ साली त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि दोन वेगळ्या धातूंचा एक सांधा उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात ठेवून मिळणारी बारीक पण स्थिर वीज वापरली, तेव्हा कुठे त्याला ते सरळ नाते दिसले. पुढच्या वर्षी त्याचा ग्रंथ आला. आपण मुलांना सांगतो तो नियम हा त्या खटपटीचा शेवटचा, स्वच्छ धुतलेला तुकडा असतो. उतरत्या बॅटऱ्यांची गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती, याची मला थोडी खंत वाटली.

आता बोर्डाकडे वळते. मायक्रोबिट हा सुमारे पाच सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद, म्हणजे काड्यापेटीपेक्षा किंचित मोठा बोर्ड आहे. बीबीसीने १९८१ साली शाळांसाठी एक घरगुती संगणक आणला होता, त्याच परंपरेतला हा पुढचा प्रयत्न. २०१६ साली ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना तो फुकट वाटला गेला. त्याच्या पुढच्या अंगावर पाच गुणिले पाच असे पंचवीस लाल ठिपके आणि दोन बटणे आहेत, आणि पोटात तापमान, उजेड, हालचाल व चुंबकीय दिशा जाणण्याची सोय आहे. माझ्याकडचा नंतरच्या, २०२० सालच्या आवृत्तीचा असल्यामुळे त्याला आवाजही ऐकू येतो. संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्राम तयार करायचा आणि वायरीने बोर्डात उतरवायचा, इतके ते सोपे असते, असे सगळे सांगतात.

माझे दोन दिवस त्या वायरीने खाल्ले. बोर्ड जोडला की त्यावरचा बारीक दिवा लागे, पण संगणकाला बोर्ड दिसतच नसे. मी प्रोग्राम चारदा पुसून नव्याने लिहिला, संगणक बंद करून चालू केला, बोर्ड बिघडला असेल म्हणून भाच्याला फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, “वायर कुठली घेतलीस?” माझी वायर जुन्या मोबाइलच्या चार्जरची होती. स्वस्तातल्या अशा पुष्कळ वायरींत वीज नेणाऱ्या तारा असतात, पण माहिती नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. बोर्डाला अन्न मिळत होते, शब्द पोहोचत नव्हता. वायर बदलली आणि चौथ्या मिनिटाला पंचवीस ठिपक्यांत एक वेडेवाकडे हसरे तोंड उमटले. त्यानंतर काहीही चालेनासे झाले की मी आधी वायर हलवून बघते, मग प्रोग्राम वाचते आणि शेवटी स्वतःच्या समजुतीकडे वळते. हा क्रम आळसाचा आहे हे मला मान्य आहे, कारण पुढे पुढे चूक बहुतेक वेळा तिसऱ्याच ठिकाणी सापडू लागली.

तापमानाचेच पाहा. पहिल्याच दिवशी बोर्डाने खोलीचे तापमान ३५ अंश दाखवले, आणि भिंतीवरचा तापमापक ३२ म्हणत होता. मी बोर्डाला खोटे ठरवून मोकळी झाले. प्रत्यक्षात त्या बोर्डावर वेगळा तापमापक नाहीच. त्याचा मुख्य प्रोसेसर स्वतःच्या अंगाचे तापमान सांगतो, आणि काम करणाऱ्याचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा गरमच असायचे. माझ्या प्रश्नाचे नव्हे, पण त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बरोबर दिले होते. उजेड मोजण्याची त्याची रीत तर मला फारच आवडली. त्यासाठीही वेगळा अवयव नाही. जे पंचवीस ठिपके चित्र दाखवतात तेच क्षणभर उलटे जोडले जातात आणि त्यांच्यावर पडणारा उजेड जोखतात. एलईडी उजेड देतो तसा उजेडाने थोडासा उत्तेजितही होतो, ही गोष्ट मला पन्नाशी गाठताना या काड्यापेटीने शिकवली.

सर्वांत मोठा धक्का हालचालीच्या सेन्सरने दिला. बोर्ड टेबलावर निवांत पडलेला असताना तो त्वरणाचा आकडा हजाराच्या आसपास दाखवत होता. हजार म्हणजे साधारण एक ‘जी’, पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूला येते तेवढे त्वरण. हलत नसलेल्या वस्तूला त्वरण कुठून आले? मी सर्वांत लहान आकडा लक्षात ठेवणारा आणि बटण दाबले की तो दाखवणारा चार ओळींचा प्रोग्राम केला, बोर्डाला रिमोटचे बारके सेल बांधले, खाली गोधडी चौघडी करून अंथरली आणि माळ्याच्या कडेवरून, साधारण दोन मीटर उंचीवरून, बोर्ड सोडून दिला. पडायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. बटण दाबले तर आकडा शंभराच्या खाली. म्हणजे जो स्थिर होता त्याला हजार, आणि जो खरोखर त्वरणाने पडत होता त्याला जवळजवळ शून्य. आत एक सूक्ष्म वजन इवल्याशा स्प्रिंगांवर टांगलेले असते आणि ते किती सरकले यावरून सेन्सर बोलतो. टेबल खालून रेटा देते तेव्हा ते वजन सरकते, आणि सगळेच एकत्र पडत असले की कोणी कोणाला रेटत नाही. बोर्डाला गुरुत्वाकर्षण जाणवत नव्हते, टेबलाचा आधार जाणवत होता. दहावीला ‘मुक्त पतनात वजनरहित अवस्था’ असे वाक्य आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. मी गोधडीपाशी बराच वेळ बसून राहिले.

एकदा तर भूतच दिसले. बोर्डाच्या कडेला वायर जोडायची जी पिन असते तिला काहीही जोडलेले नसताना तिथले आकडे नाचत होते, आणि मी हात जवळ नेला की आणखी नाचत. रिकामी सोडलेली पिन म्हणजे छोटी अँटेनाच. भिंतीतल्या वायरिंगमधून सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणारी वीज ती हवेतून टिपत राहते आणि आपले शरीर त्या कामात तिला मदत करते. तिला एका रेझिस्टरने ऋण बाजूला बांधून टाकले की ती गप्प बसते. काही जोडलेले नाही म्हणजे शून्य, हा माझा हिशेब होता, बोर्डाचा नव्हता.

पण हे सगळे खेळ झाले. मला काहीतरी घरात उपयोगी पडेल असे करायचे होते, आणि साताऱ्याजवळच्या आमच्या जुन्या घराला खोल पडवी आहे. संध्याकाळी पडवीत आपोआप लागणारा दिवा करावा, असे मी ठरवले. तुळशीपुढचे निरांजन हा सासूबाईंचा अधिकार असल्याने त्यांनी आधीच बजावले, “तुळशीपाशी मी लावीन. तुझं यंत्र पडवीत.” बोर्डाच्या ठिपक्यांवरून कळणारा उजेड पडवीच्या मंद प्रकाशात फार लवकर शून्याला टेकत होता, म्हणून पुण्याला गेले होते तेव्हा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या एका दुकानातून मी एलडीआर आणला. हा मसुराएवढा असतो, त्याच्या तोंडावर नागमोडी रेघ असते, आणि उजेड वाढला की त्याचा रोध उतरतो. या गुणाचा शोधही अपघातानेच लागला होता. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलची तपासणी करताना विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याने मोठा रोध म्हणून सेलेनियमच्या कांड्या वापरल्या आणि त्यांचे आकडे काही केल्या स्थिर राहिनात. १८७३ साली त्याने कळवले की कांड्यांवर उजेड पडला की त्यांचा रोध घटतो. कोणीतरी नुसते ‘माल खराब आहे’ म्हणून त्या फेकून दिल्या असत्या. चार्जरच्या वायरीपायी दोन दिवस घालवलेली मी तर नक्कीच फेकल्या असत्या.

एलडीआर आणि दहा हजार ओहमचा रेझिस्टर यांची एकसर जोडणी केली. सेलचे तीन व्होल्ट त्या दोघांत रोधाच्या प्रमाणात वाटले जातात, आणि मधल्या सांध्यावर किती आले हे बोर्ड शून्य ते १०२३ या पट्टीवर मोजून सांगतो. उजेड असेल तर आकडा मोठा, अंधार झाला की लहान. आता प्रोग्राममध्ये एकच ओळ लिहायची राहिली होती: आकडा अमुकच्या खाली गेला तर दिवा लाव. त्या ‘अमुक’पाशी मी अडले. अंधार म्हणजे नेमका किती?

आपल्या भाषेत संध्याकाळीसाठी शब्दांची काय कमी आहे! दिवेलागण, तिन्हीसांज, कातरवेळ, मग अंधुक, मग काळोख, मग मिट्ट काळोख. या शब्दांमध्ये कुंपण कुठेच नाही. एक दुसऱ्यात विरघळत जातो आणि ते विरघळणे हेच त्यांचे सौंदर्य. यंत्राला मात्र कुंपण हवे होते. म्हणून एका संध्याकाळी मी पडवीत वही घेऊन बसले. पाच वाजता आकडा ८९०. साडेसहाला ७०५. सहा पन्नासला ४८७. सात वाजता, सूर्य टेकडीआड जाताना, २९२. सात दहाला ७९. आणि सात वीसला जेमतेम १०. मला दिसत होती ती संध्याकाळ सावकाश, पावला-पावलाने उतरत होती. वहीतली संध्याकाळ शेवटच्या अर्ध्या तासात कड्यावरून कोसळली होती. डोळ्याची बाहुली मोठी होत जाते, आतला पडदाही जुळवून घेतो, आणि उजेड दहा पटीने घटला तरी आपल्याला तो थोडासाच मंदावल्यासारखा वाटतो. आपल्या संध्याकाळीचा निवांतपणा आकाशात नसतो, तो डोळ्याच्या समजूतदारपणात असतो.

सासूबाई शेजारी सूप घेऊन उद्याचे तांदूळ निवडत होत्या. त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि दुकानातून साफ केलेला तांदूळ आणला तरी निवडल्याशिवाय शिजवू देत नाहीत. माझी आकडेमोड त्यांनी ऐकली आणि म्हणाल्या, “त्यात काय एवढं? तांदळातला खडा दिसेनासा झाला की अंधार.” मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुपात दहा पांढरट खडे स्वतः टाकले, त्यांना तशी कल्पना देऊन, आणि दर पाच मिनिटांनी विचारत राहिले. सहा पन्नासपर्यंत त्या भराभर वेचत होत्या. सातच्या सुमारास बोटे चाचपडू लागली. त्यांनी सूप खाली ठेवले तेव्हा बोर्डावरचा आकडा २९८ होता. मी तो ३०० धरला. प्रोग्राममध्ये त्या चलाला मी ‘खडा’ हेच नाव दिले.

दिवा म्हणजे चार पांढरे एलईडी, प्रत्येकाला आपापला १५० ओहमचा रेझिस्टर. बोर्डाच्या पिनेची ताकद चिमुकली असल्यामुळे त्या चौघांना पाच व्होल्टच्या चार्जरवर घेतले आणि मध्ये बीसी ५४७ हा तीन पायांचा ट्रान्झिस्टर घातला. बोर्डाने फक्त इशारा करायचा, काम ट्रान्झिस्टरने करायचे. दिवा काही केल्या लागेना. चार्जरची ऋण बाजू आणि बोर्डाची ऋण बाजू एकमेकींना जोडायची राहिली होती. दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज घेतली की दोघांचे ‘शून्य’ एकच असावे लागते, नाहीतर एकाचा ‘तीन’ दुसऱ्याला कळतच नाही. नवराबायकोच्या खर्चाच्या वह्यांचेही असेच असते, पण ते जाऊ दे.

जोडणी झाली, संध्याकाळ झाली, आकडा ३०० च्या खाली गेला आणि दिवा लागला. अर्ध्या सेकंदाने विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. “डोळे का मिचकावतोय तो?” सासूबाईंनी विचारले. मी वायर हलवून बघितली, प्रोग्राम तीनदा वाचला. दोन्ही बरोबर होते. शेवटी एलडीआरवर तळहात धरला तेव्हा मिचकावणे थांबले, आणि मला कळले की दिवा लागला की त्याचाच उजेड एलडीआरवर पडत होता. यंत्राला वाटे, उजाडले. ते दिवा विझवी. विझवला की पुन्हा रात्र. स्वतःच लावलेल्या दिव्याला सूर्योदय समजण्याचा हा वेडेपणा ते दर अर्ध्या सेकंदाला करत होते, कारण प्रोग्राममध्ये मी तेवढीच विश्रांती घातली होती.

यावर दोन उपाय केले. बॉलपेनचे काळे टोपण कापून त्याची नळी केली आणि एलडीआर त्यात बसवून त्याचे तोंड अंगणाकडे वळवले. दुसरा उपाय अधिक मोलाचा होता. ३०० च्या खाली गेले की दिवा लावायचा, पण विझवायचा मात्र ४५० च्या वर गेल्यावरच. मधल्या पट्ट्यात जे चालले असेल तेच चालू ठेवायचे. इस्त्री आणि फ्रिज हेच करतात, म्हणून तर ते थोड्या थोड्या वेळाने ‘टक्’ करतात, सारखे तडफडत नाहीत. याला हिस्टेरेसिस म्हणतात आणि हा शब्द मी बी.एस्सी.ला चुंबकांच्या आलेखावर दोनदा लिहून गुण मिळवले होते. तेव्हा तो आलेखातला एक फुगीर आकार होता. आता कळले की मधल्या पट्ट्यात काय करायचे हे ठरवायला यंत्राला आकडा पुरत नाही. आत्ता दिवा लागलेला आहे की नाही हेही त्याला लक्षात ठेवावे लागते. म्हणून ‘खडा’च्या जोडीला दुसरा चल आला, आणि प्रोग्राममध्ये पहिल्यांदाच स्मृती आली. ३८० हा एकच आकडा संध्याकाळी उतरताना एक अर्थ सांगतो आणि पहाटे चढताना दुसरा, हे त्याशिवाय त्याला कसे कळावे?

चार दिवस दिवा शहाण्यासारखा वागला. पाचव्या दिवशी पावणेसहाला वळवाचा पाऊस आला. ढग असे दाटले की अंगणातली जास्वंद काळी दिसू लागली, आणि पडवीत दिवा लागला. मी म्हटले, फसला. आता घड्याळ जोडावे लागणार, सहाच्या आत लावायचे नाही अशी अट घालावी लागणार. सासूबाईंनी सूप उजेडाकडे तिरपे केले आणि म्हणाल्या, “बरोबर आहे त्याचं. खडा नाही दिसत.” मी बोर्ड बघितला: २७१. त्यांचे आणि बोर्डाचे एकमत होते, वाद माझाच होता. मला हवी होती संध्याकाळ, आणि मी त्याला मोजायला शिकवला होता अंधार. घड्याळ मी जोडले नाही. पाऊस थांबला, ढग फाटले, पिवळे ऊन पसरले, आकडा ४५० च्या वर गेला आणि दिवा विझला. मग सातला पुन्हा लागला. एका दिवसात दोन तिन्हीसांजा झाल्या, आणि तुळशीपाशी निरांजन मात्र एकदाच लागले.

जूनमध्ये तो दिवा मी वर्गात नेला. ५४ मुले आणि एक बोर्ड, त्यामुळे ‘प्रत्येकाने स्वतः करून पाहावे’ हे वाक्य आमच्या शाळेत छापील कागदावरच शोभते. आठ-आठ जणांचे गट केले आणि बाकीच्यांना जोडणीची आकृती काढायला लावली. सुरुवातीला मी काही न शिकवता प्रश्न फळ्यावर लिहिला: अंधार म्हणजे किती? पहिल्या बाकावरून उत्तर आले, “प्रकाशाचा अभाव म्हणजे अंधार.” ते मीच शिकवले असणार. मग एका मुलीने सांगितले की आई हाक मारते तेव्हा अंधार. आणि मागच्या बाकावरचा, सहसा खिडकीबाहेर पाहणारा एकजण म्हणाला, “बाई, चेंडू दिसेनासा झाला की.” पुढच्या आठवड्यात एका उघडिपीच्या संध्याकाळी ती टोळी बोर्ड घेऊन मैदानावर उभी राहिली आणि चेंडूचा आकडा घेऊन आली. तो ६०० च्या आसपास होता, खड्याच्या दुप्पट. चेंडूला जास्त उजेड का लागावा यावर त्यांच्यात अर्धा तास भांडण झाले, आणि खडा सुपात बसून राहतो, चेंडू अंगावर येतो, हा मुद्दा मान्य झाला. त्या तासाला ओहमचा नियम राहूनच गेला. तो पुढच्या तासाला घेतला, उतरत्या बॅटऱ्यांसकट.

त्यातला एक गट आता रंगीत ठोकळे सोडून पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो आणि माझ्यापेक्षा पुढे गेला आहे. त्यांनी तीन एलईडी आणि एक ट्रान्झिस्टर उडवला. मी त्यांना रागावले नाही, पण उडालेले तुकडे त्याच पत्र्याच्या डब्यात एका वेगळ्या पुडीत ठेवायला सांगितले आहेत, प्रत्येकावर कारण लिहून. पहिला तुकडा माझा आहे.

दिवाळीच्या आधी सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. काळा चष्मा उतरल्यावर काही दिवसांनी त्या पुन्हा पडवीत सूप घेऊन बसल्या. त्या दिवसांत सहालाच सूर्य मावळतो. दिवा ठरल्याप्रमाणे ३०० ला लागला तशी त्यांनी मान वर केली.

“तुझा दिवा हल्ली फार घाई करतो गं.”

मी संगणक पडवीत आणला, बोर्ड जोडला, दिवा हाताने बंद केला आणि सुपात दहा खडे टाकले. आकडे एक एक करून उतरत होते. २९०. २४०. २००. त्यांची बोटे अजिबात चाचपडत नव्हती. मी ‘खडा’समोरचा ३०० पुसला आणि नवा आकडा घालायला बोट वर केले.

“थांब,” त्या म्हणाल्या, “अजून दिसतोय.”